धर्मशाळेबाहेरचा कट्टा

"लिव्हर वाढलंय," डॉक्टर म्हणाले. उजव्या बरगडीखाली त्यांनी बोटं दाबली आणि मी कळवळले. लिव्हर म्हणजे यकृत, बकऱ्याची कलेजी म्हणतो तेच. डोळेही पिवळे झाले होते. त्याला जॉन्डिस म्हणतात, आपली कावीळ. "यापुढे घोटभर जरी पोटात गेली, तरी माझं औषध चालायचं नाही," असं ते म्हणाले, पण बघत होते माझ्या मालकांकडे.

मालक बिचारे हात जोडून उभे. त्यांनी जन्मात शिंदी तोंडाला लावलेली नाही. पिणारी मी.

हे मी मान खाली न घालता सांगते. सोलापुरात गिरणीच्या रीळ खात्यात मी कामाला होते. कापसाचं तूस घशात बसतं, ते शिंदीनं धुऊन निघतं, असं आम्ही बाया एकमेकींना सांगायचो. शिंदीवरून हातभट्टीवर गेले आणि घसा राहिला बाजूला. गड्यानं घेतली तर शीण घालवतो, बाईनं घेतली तर कुळाला बट्टा! असल्या न्यायाला मी तेव्हाही भीक घातली नाही. आजार तो आजार.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात नाव पुकारायची वाट बघत बसले, मग खाट मिळाली. दारू तुटल्यावर ट्रेमर्स सुरू झाले, म्हणजे हातापायांचं कापरं. घास तोंडापर्यंत जाईना. पाठोपाठ डिलिरियम, म्हणजे भ्रम. अंथरुणावर मुंग्या दिसायच्या आणि मी त्या झाडत बसायची. तुम्हाला दिसल्या तर घाबरू नका, त्या जातात.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली उतरली, आता मनातली उतरायची आहे. दर शनिवारी बाजारामागच्या धर्मशाळेत दारू सोडलेली मंडळी जमतात. तिथं जा. हे एकट्यानं होत नाही."

गेले. तिथले चिटणीस म्हणजे पेन्शनीत निघालेले एक निर्व्यसनी मास्तर. मला दारातच थांबवून मायेनं म्हणाले, "बाई, नवऱ्याला घेऊन या."

"नवरा पीत न्हाय, मास्तर. मी पिते."

धर्मशाळेच्या चौकात बसलेले सगळे वळून बघायला लागले. मास्तरांनी माझ्यासाठी वेगळी सतरंजी टाकली. पार लांब कोपऱ्यात, पण टाकली.

तिथली रीत अशी, की नव्या माणसानं बेलभंडार उचलायचा. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खंडोबाची शपथ घ्यायची. मग एकेकानं आठवडा कसा गेला ते सांगायचं. आपल्यासारखं कापरं दुसऱ्यालाही सुटतं हे ऐकूनच मला निम्मं बरं वाटायचं. बाहेर कट्ट्यावर काही गडी भिंतीला कान लावून बसलेले असायचे. मी त्यांना रिकामटेकडे समजायची.

मग होटगीला माहेरी मरीआईची जत्रा आली. देवीला दारूचा नैवेद्य, आणि तीच तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर. मी हात मागे घेतला तशी वहिनी म्हणाली, "देवीचं तीर्थ हाय की वन्सं! त्याला नगं म्हणत्यात व्हय?" मलाही ते पटलं. तीर्थ वेगळं, दारू वेगळी. तळहातावरचं चाटलं आणि दिवस कलायच्या आत तांब्या पालथा केला.

पुढच्या शनिवारी चौकात उभी राहून मी सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला. "काशीबाई, बेलभंडार मोडलेल्याला आत बसता येत नाही. नियम आहे."

तेव्हा कळलं, कट्ट्यावरचे ते गडी कोण. बाहेर पडले की समोरच दारूचा गुत्ता, आणि डॉक्टरांचं बोलणं कानात. मला मरायचं नव्हतं. त्या भीतीनंच माझं डोकं फिरलं.

"ताप उलटला म्हून दवाखान्यातनं हाकलत्यात का माणसाला? खंडोबाचं माझं मी बगून घेईन. त्यो काय तुमाला इचारून कोपतो?"

मी माझी सतरंजी उचलली आणि बाहेर कट्ट्यावर नेऊन अंथरली. शेजारी नरसप्पा बसला होता, हातमागावरचा तेलुगू विणकर. त्याला म्हटलं, "सांग, आठवडा कसा गेला?"

तो ढसाढसा रडायलाच लागला. "वाईट गेला, अक्का. परवाच घेतली. शपत मोडल्यापासनं कुणी इचारलंच न्हाई."

"मग आज नगं घिऊ. पुढल्या शनवारी ये. घेतली तरी ये."

कट्ट्यावरचा नियम तेवढाच. पुढं आतली माणसं एकेक करून बाहेर येऊ लागली. शेवटी मास्तर आले आणि उभ्यानंच म्हणाले, "मी बसू का?" मी म्हटलं, "तुमी कदी प्याला न्हाईसा, तरी बसा."

त्यानंतरही माझा एकदा तोल गेला. शनिवारी जाऊन सांगितलं आणि तिथंच बसले. आता डॉक्टरांच्या बोटांना लिव्हर लागत नाही. त्यांचे उपकार आहेत, मालकांचे आहेत, आणि नरसप्पाचे तर फारच.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि लिहून घेताहेत ते मास्तरच. बेलभंडार मोडलेल्याला आत बसता येत नाही, या वाक्यापाशी त्यांचा हात अडला. म्हणाले, "हे वगळू या का?"

मी म्हटलं, "लिवा मास्तर. कुटंतरी कोण अजून भाईर बसलं आसंल."