चतुराबाईंचे सूरमधले पंच्याहत्तर दिवस

शिरूर कासारच्या जनावरांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. शेळ्यांबद्दल जे काही मला खरोखर कळतं, त्यातलं निम्मं चतुराबाईंनी शिकवलेलं आहे. शेळी लंगडायच्या आदल्या दिवशी त्यांना समजायचं की उद्या ती लंगडणार.

त्यांचं गाव शिरूरपासून नऊ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला. माहेर आणि सासर दोन्हीकडे शेळ्यामेंढ्या. बहात्तरच्या दुष्काळात पंधराव्या वर्षी त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. लग्नानंतर अठरा हंगाम ऊसतोडीला गेल्या. कधी कड्याच्या कारखान्यावर, कधी त्याच्याही पुढे पश्चिमेला. नवरा वारला तेव्हा कोयता ठेवून दिला आणि आठ शेळ्या, दोन गाया यांच्यावर संसार केला. दोन हजार चारला गावात बायकांची दूध संस्था निघाली. चेअरमन व्हायला कुणी पुढं येईना, म्हणून चतुराबाई झाल्या आणि पुढे पंधरा वर्षं त्याच राहिल्या.

मुलगी एकच, सत्यभामा. ती बीडला नर्सिंग शिकली आणि ओमानमधल्या सूर नावाच्या गावात एका खाजगी दवाखान्यात नोकरीला लागली. सूर समुद्राकाठचं. दर दिवाळीत ती फोनवर एकच गोष्ट सांगायची.

"माय, तू इकडं ये. तीन महिने ऱ्हा."

"येऊन काय करू तिथं?"

"काय करू नको. नुसती फीर."

हे चतुराबाईंना पटायचं नाही. त्यांचं तोवरचं सगळं फिरणं कामाचं होतं. पाण्यामागं, चाऱ्यामागं, उसामागं. काम नसताना घर सोडायचं ते लग्नाला नाहीतर मयतीला.

शेवटी लेकीनं पासपोर्टचे कागद स्वतः सुट्टीवर येऊन भरले. बीडला दोन हेलपाटे झाले. व्हिसा आला तो नेमका दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत. पाऊस तर आदल्या वर्षी झालाच नव्हता. विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या होत्या, अर्धं गाव तोडीला गेलं होतं, आणि संस्थेचं दूध चारशे लिटरवरून नव्वदवर आलं होतं. संस्थेच्या बैठकीत एक बाई सरळ बोलली, "गाव वाळून चाललंय आन् चेअरमन बाई इमानात बसणार."

चतुराबाईंनी मनातल्या मनात जाणं रद्दच केलं होतं. पण त्यांची जाऊ सुभद्राबाई, जी संस्थेत दुधाचं फॅट बघायची, ती उठली. म्हणाली, "तुमी इथं बसल्यानं पाऊस पडणार हाय का? जावा. शेळ्या मी बघते, संस्था आमी बघतो."

अठ्ठावीस जानेवारीला चतुराबाई गेल्या.

पहिले आठ दिवस वाईट गेले. सत्यभामाची ड्युटी सकाळी सातला सुरू व्हायची. चतुराबाईंना पहाटे चारला जाग यायची आणि उठून करायला काही नसायचं. दोन खोल्यांचं घर किती वेळा झाडणार? त्यांनी तीनदा झाडलं. शेजारच्या मल्याळी बाईचंही अंगण झाडलं. मग सत्यभामानं झाडू लपवला आणि आईला समुद्राच्या कडेच्या लांब फरसबंदीवर नेऊन सोडलं. "हा रस्ता सरळ जातो, सरळ येतो. चुकायला जागा न्हाई. दुपारी मी येते," असं सांगून ती कामावर गेली.

समुद्र त्यांनी तोवर पाहिला नव्हता. मी नंतर विचारलं, कसा वाटला? त्या म्हणाल्या, "आधी रागच आला बघा डाक्टर. येवढं पानी आन् एक बी जनावर पिऊ शकत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या आणि तिसऱ्या दिवशीही. सकाळी पाणी पार लांब गेलेलं असायचं. चिखलात लांब पायांचे पांढरे पक्षी चरायचे, आणि दुपारपर्यंत तेच पाणी परत पायरीला टेकायचं. कुणी आणलं नाही, कुणी नेलं नाही. हे बघत दोन तास बसता येतं, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं.

पुढे मासळीबाजार सापडला. सकाळी होड्या लागायच्या, हातभर लांब मासे सिमेंटच्या ओट्यावर ओळीनं मांडायचे, आणि माणसं भोवती उभी राहून भाव बोलायची. आपल्याकडं आठवडी बाजारात सुकट घेणाऱ्या चतुराबाईंना त्यातला एकही मासा नावानं माहीत नव्हता. पण बाजार माहीत होता. कोण खरा गिऱ्हाईक, कोण नुसता हात लावतोय, हे त्या भाषा न कळता ओळखायच्या.

लाकडी होड्या बांधायच्या जुन्या कारखान्यात एक म्हातारा भेटला. त्यानं लुगड्याकडं बघून हिंदीत विचारलं, "बंबई से?"

चतुराबाईंचं हिंदी म्हणजे शिरूरच्या बाजारात मुसलमान व्यापाऱ्यांशी बोलून आलेलं. त्या म्हणाल्या, "बंबई नक्को बोलो भाईसाब. हम बीड जिल्हे के."

म्हाताऱ्याला बीड माहीत नव्हतं, पण नक्को ऐकून तो मोठ्यानं हसला. तरुणपणी तो होडीनं मुंबई आणि कालिकतला जाऊन आला होता. होडीचं लाकूड कालिकतहून यायचं असं त्यानं सांगितलं. अर्धी बांधलेली होडी आतून दाखवली. उलट्या टांगलेल्या मोठ्या जनावराच्या फासळ्यांसारखी ती दिसते, असं चतुराबाई सांगतात. त्यानं एवढं सगळं का दाखवलं, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. "त्याला माज्याकडून कायबी नको होतं," असं त्या दोनदा म्हणाल्या.

सत्यभामाकडे जुनी छोटी गाडी होती. सुट्टीच्या दिवशी दोघी निघायच्या. किनाऱ्याच्या रस्त्यानं एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर आणि दुसऱ्या बाजूला निळं पाणी. डोंगर बघून चतुराबाईंना आपल्या भागात आल्यासारखं वाटायचं. पण डोंगराच्या घळीत शिरलं की खजुरीची झाडं आणि वाहतं हिरवं पाणी. एका घळीत त्यांनी पाय सोडून सबंध दुपार काढली. त्या दिवशी सुभद्राबाईचा फोन आला होता, आणि आपण कुठं बसलोय ते त्यांना सांगवलं नाही.

एका किनाऱ्यावर बोटाएवढी चंदेरी मासळी वाळूत पसरून वाळत घातलेली दिसली. चतुराबाईंनी विचारलं, येवढी सुकट कोण खातं? सत्यभामानं एका माणसाला विचारून सांगितलं, "उंट खातात, माय. गाया बी खातात."

"गाय? मासळी?"

"चारा न्हाई ना इकडं."

त्या बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. मूठभर मासळी हातात घेऊन वास घेतला. मला हे सांगताना त्यांचा चेहरा गंभीर होता. म्हणाल्या, "दुष्काळात आपन जनावरांना शेवटी काय देतो? उसाचं वाढं देतो, पाला देतो, केळीचे खुंट देतो. ह्यांनी समुद्राचीच वैरण केली."

मार्चच्या सुरुवातीला दोघी सिनाव नावाच्या गावच्या गुरुवारच्या बाजाराला गेल्या. समुद्रापासून आत, वाळवंटाच्या कडेला. तिथं जनावरं विकायला बायका येतात, नाकावर काळा ताठ मुखवटा लावून, स्वतः पिकअप चालवत. चतुराबाई एका पिकअपजवळ थांबल्या. मोझा नावाची साधारण त्यांच्याच वयाची बाई एक करडी शेळी विकत होती. गिऱ्हाईक तावातावानं बोलत होता.

"काय म्हनतोय?" चतुराबाईंनी लेकीला विचारलं.

"कासेचा एक सड मेलेला हाय म्हनतोय. दूध येत न्हाई."

"ती काय म्हनती?"

"कालपरवापर्यंत येत होतं."

चतुराबाईंनी वाकून कास बघितली. "मेला न्हाई. गरम न्हाई, दगड झालेला न्हाई. तोंडाशी खपली धरली हाय. हात लावू का इचार."

सत्यभामा घाबरली. "माय, आपलं काय काम हाय त्यात?"

"इचार तर."

मोझानं मान हलवली. चतुराबाई लुगडं सावरून खाली बसल्या. सत्यभामाच्या थर्मासमधल्या कोमट पाण्यानं सड भिजवला, पुसला, परत भिजवला. मग अंगठ्यानं वरून खाली हळू चोळत आणलं. शेळीनं दोनदा पाय झाडले. तिसऱ्यांदा आधी दह्यासारखी एक जाड गाठ बाहेर पडली आणि पाठोपाठ दुधाची धार चतुराबाईंच्या पायावर आली. भोवती जमलेली माणसं एकदम बोलायला लागली. गिऱ्हाईकानं लगेच खिशात हात घातला. मोझानं मात्र शेळीची दोरी घेतली आणि तिला परत पिकअपमध्ये चढवलं.

"आता विकत न्हाई म्हनती," सत्यभामा हसत म्हणाली.

मोझानं पिकअपच्या सावलीत चटई टाकली. खजूर आणि कडू कॉफी आली. सत्यभामाच्या मोडक्या अरबीतून दोघी तासभर बोलल्या. किती शेळ्या, किती पिलं, कुठला रोग. मोझाकडं तीन वर्षं नीट पाऊस नव्हता. चतुराबाई म्हणाल्या, आमच्याकडं एकाच वर्षात हे हाल हायत. निघताना मोझानं त्यांचा उजवा हात धरून अंगठा उलटसुलट करून बघितला.

मार्च संपताना सुभद्राबाईचा फोन आला. जवळच चारा छावणी उघडली होती, संस्थेच्या बायकांनी जनावरं तिकडं नेली होती, दूध छावणीतूनच उचललं जात होतं. चतुराबाई म्हणाल्या, "मी येते लगेच."

"कावून? सगळं चाललंय की नीट."

फोन ठेवल्यावर त्या रडल्या. सत्यभामाला वाटलं, गावाच्या काळजीनं. खरं कारण त्यांनी मला सांगितलं. "पंधरा वर्षं वाटायचं, मी हाय म्हनून चाललंय. दोन म्हैन्यात कळलं, तसं कायबी न्हाई. वाईट वाटलं. मग दुसऱ्या दिवशी उठले तर अंग हलकं लागाय लागलं."

उरलेले दिवस त्यांनी तिथंच राहणाऱ्या माणसासारखे काढले. खाडीपलीकडच्या जुन्या वस्तीत पुलावरून चालत जायच्या, दीपगृहाखाली बसायच्या, भाजीबाजारात पाकिस्तानी दुकानदाराशी कोथिंबिरीवरून वाद घालायच्या. तेरा एप्रिलला परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत जाऊन त्यांनी आपल्या शेळ्या मोजल्या, एकीच्या खुराला तेल लावलं, आणि बायकांना उंट मासळी खातात ते सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. बैठकीत बोललेली ती बाई जास्त खोदून विचारत होती.

पुढच्या निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या नाहीत. सुभद्राबाई चेअरमन झाल्या आणि संस्था चांगली चालली आहे. करोनाची दोन वर्षं गेल्यावर चतुराबाई परत ओमानला गेल्या. या वेळी ऑगस्टमध्ये सलालाला. तिथं समुद्राकाठच्या डोंगरांवर तेवढे तीन महिने बारीक पाऊस असतो आणि वाळवंटातली माणसं नुसता तो बघायला येतात. रस्त्याकडेला शहाळी विकायला असतात. त्यांनी दहा दिवसांत रोज एक प्यायलं.

मी आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. लेक आता झांजिबारला जाऊ म्हणते, तिथं लवंगांचा बाजार आहे, पण जायच्या आधी कसलीशी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती शिरूरला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चतुराबाई, मी जनावरांचा माणूस, बीडच्या सरकारी दवाखान्यात विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, "मंग इचारा की. मला मंगळवारी बीडला जायचंच हाय."