खिशात राहिलेला आरसा

शिरवळच्या त्या सोसायटीत सकाळी नऊला सगळे डबे घेऊन जिना उतरत असतात आणि सृष्टी एकटी चढत असते. पुण्याच्या विमानतळावर तिची रात्रपाळी. विमान दुरुस्तीची परवानाधारक इंजिनियर. मुक्कामाला आलेलं विमान तिनं तपासायचं आणि सही करायची. त्या सहीशिवाय ते उडत नाही.

खालच्या विनोदिनीबाईंनी एकदा विचारलं होतं, "रातपाळी म्हणजे सूनबाई नर्स आहेत का हो?"

"व्हय, विमानाची," सासू मनुबाई म्हणाली होती. "सलाइन लावती त्याला."

मनुबाई लोणंदकडची. मुलगा ऋषिराज दिवसा कारखान्यात, सून रात्री विमानाखाली. दुपारी तीनपर्यंत घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही, हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलंय.

त्या दिवशी सलग पाचवी रात्र संपली होती. सृष्टीनं अर्धा चहा तसाच ठेवला, कपडे मोरीत टाकले आणि आडवी झाली. मनुबाईनं तिचा फोन उचलला, त्याचा आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

साडेबाराला सृष्टी पाणी प्यायला उठली. मनुबाई खिडकीपाशी तोंड वासून उभी होती. हातात लांब दांडीचा, रुपयाएवढा गोल आरसा.

"लय झ्याक हाय गं ह्यो. मागची दाढबी दिसती. दातवाल्याकडनं आणलास व्हय?"

सृष्टीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"आत्या, कुठं मिळाला?"

"तुज्या पँटीच्या खिशात. धुताना हाताला लागला."

इंजिनाच्या मागच्या बाजूला तेल गळतंय का, ते बघायला हा आरसा लागतो. हत्यारांच्या पेटीत प्रत्येकाला त्याच्या मापाची खाच असते. काम संपलं की एकेक खाच भरली का ते मोजायचं, म्हणजे इंजिनात काही राहिलं नाही याची खात्री, मग सही. पहाटे पाचला, विमान निघायला थोडाच वेळ असताना तिनं पेटी मिटली आणि सही ठोकली. मोजलं होतं का? आठवत नाही, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण आठवत होतं.

"माझा फोन कुठाय?"

"तांदळाच्या डब्यावर. सतरांदा थरथरला. म्हटलं, थरथर बाबा."

पाळीप्रमुख सुमंत सरांचा साडेनऊचा मेसेज होता: 'आरशाची खाच रिकामी. विमान नागपूरला थांबवलंय. इंजिन उघडून शोधतायत. फोन उचल.'

म्हणजे तीन तास तिकडची माणसं इंजिनात हात घालून हा आरसा शोधत होती. ती पलंगाच्या काठावर बसली.

मनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. "नोकरी जाईल?"

"परवान्यावर येईल."

"मग तुझ्याकडं न्हाईच म्हण की. नीरेत टाकून येती मी. कोण बगतंय?"

"ते शोधतच बसतील, आत्या. न सापडता उडवायचं कसं?"

तिनं फोन लावला. "सर, आरसा माझ्याकडे आहे. खिशात राहिला."

पलीकडे दुसरा फोन उचलल्याचा आवाज आला. मग सर दुसऱ्या फोनवर बोलताना ऐकू आले, "नागपूर, थांबवा शोध. सापडला. तिच्या घरी आहे." आणि मागून कुणाची तरी सणसणीत शिवी.

"सृष्टी, मोजलं होतंस?"

मोजलं होतं, नंतर खिशात गेला असेल. वाक्य जिभेवर तयार होतं.

"नाही, सर."

"आणि सही?"

"केली."

"लेखी दे. आरसा घेऊन सहाला ये. चौकशी होईपर्यंत तुझी सही बंद. दुसऱ्याच्या हाताखाली काम करशील." मग आवाज जरा खाली आला. "कितवी रात्र होती?"

"पाचवी."

"तेही लिही."

सृष्टी जमिनीवर बसून लिहू लागली. मनुबाई मागं उभी राहून एकेक अक्षर वाचत होती.

"फोन मी लपिवला, ते घाल त्यात. माजं नाव घाल."

"गरज नाही."

"हाय कशी न्हाई? माज्यापायी येवढा येळ गेला त्यांचा."

"आत्या, नऊनंतर माझी झोपायचीच वेळ. मोजायची वेळ पाचची होती."

मनुबाईनं आरसा पदरानं पुसून तिच्याजवळ ठेवला. मग म्हणाली, "नीज आता. चारला उठिवती."

"झोप नाही यायची."

"मग नुसती पड."

ती पडली. डोळे उघडेच. पावणेदोनला सरांचा मेसेज आला: 'उडालं.' सृष्टीनं तो दोनदा वाचला आणि भिंतीकडं तोंड करून कूस बदलली.