डावा डोळा बांधून केलेले मांडे

"तो डोया बांधी ले पयले. नवरीले दिष्ट लागी जाई."

शिरपूरच्या त्या बंगल्यातल्या अक्कांनी फडकं माझ्या अंगावर फेकलं. त्यांच्या पोरीच्या हळदीचा दिवस, मला मजुरीनं मांडे करायला बोलावलेलं. मागच्या अंगणात चुलीवर पालथं खापर तापलेलं, भोवती गल्लीतल्या बाया. माझा उजवा डोळा काळा, डावा निळा. जन्मापासून. यात मी काय पाप केलं?

पण बांधलं फडकं. आजही त्याचीच जास्त चीड येते. लहानपणी आईच म्हणायची, डाव्या डोळ्यावर पदर ओढून चाल, लोक नावं ठेवतात. तीच सवय.

मांडे करणं म्हणजे पोळ्या लाटणं नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत ताणायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. हात आणि खापर यांत दोन बोटांचं अंतर. एका डोळ्याला ते कळत नाही. पाचव्या मांड्याला हात खापराला टेकला. मनगटाची कातडी सोलली. मांडा फाटला.

"दखा, लागनी ना दिष्ट!" अक्का बायांना म्हणाल्या. माझ्या हाताकडं कुणी पाहिलं नाही.

तेवढ्यात नवरी आली. मागे मोबाइल घेऊन मैत्रीण. खापराजवळ फोटो काढायचा होता. डोळे निळेशार, दोन्ही. लग्नासाठी धुळ्याहून आणलेल्या लेन्स.

"मम्मी, कशी दिसते?"

"परीच शे मनी पोर!"

माझं डोकं सणकलं. विकतचे दोन निळे डोळे परीचे, आणि माझा जन्माचा एक अपशकुनी? फडकं सोडलं, चुलीत टाकलं.

"अक्का, आते बांधाव नही. मांडा करसू, पन दोन्ही डोया उघडाच ऱ्हातीन."

"निंघ आठून!"

निघाले. उंडे परातीत तसेच. मागून एक म्हातारी कळवळली, "मांडा कोन करी मंग?" हात माझा भाजला, कळवळा मांड्यांचा.

त्या उन्हाळ्यात चार घरांनी बोलावणं बंद केलं. घरात ओढाताण झाली, खोटं कशाला बोलू. मग पारोळ्याहून एक नाना आले. नातीचं लग्न. आढेवेढे घेत म्हणाले, "बाई, तेवढा काळा गॉगल घालाल का?"

मी त्यांना चहा पाजला. मग सांगितलं, दोन्ही डोळे दाखवूनच मांडे करीन. पटत नसेल तर चूल तुमची, खापर तुमचं, हातही तुमचेच भाजा.