कुरत्याला दोन खिसे

परभणीच्या त्या कापडदुकानासमोर उभी राहीपर्यंत मला स्वतःसाठी काही घ्यायचं आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी शहरात आले होते तांब्याची तार न्यायला. पालमला आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या आमच्याकडं आणून टाकतात. आम्ही जळालेली तार उपसून नवी भरून देतो. दुकान बाबांचं. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून काम मी करते.

तार बांधून मिळायला उशीर होता, म्हणून मी शेजारच्या गल्लीत फिरत होते. एका दुकानाबाहेर सुती कापडाचा तागा टांगलेला दिसला. मोहरीच्या फुलासारखा रंग आणि त्यावर बारीक तांबूस बुट्टी, अगदी नव्या तारेच्या रंगाची. मी पुढं गेले, परत आले, पुन्हा बघितलं.

"काय दाखवू, भाऊ?" दुकानदारानं विचारलं. मग माझ्या तोंडाकडं नीट बघून तो म्हणाला, "ताई, शर्टाचं कापड आत हाय."

माझ्या अंगावर चौकड्यांचा शर्ट, जीन्स, केस कानाच्या वर कापलेले. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"हेच पाहिजे," मी म्हणाले. "कुरत्यासाठी."

"कुणाला? उंचीचा अंदाज सांगा."

"माझ्याच मापाची हाय ती," मी म्हणाले.

कापड तारेच्या बंडलासोबत पिशवीत टाकलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. गंगाखेड मागं पडलं तरी हात पिशवीवरच होता. एवढं जपायला त्यात काय होतं, असं वाटत होतं आणि पिशवी खालीही ठेववत नव्हती.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी शाळेतून आली की मायसोबत घरात असायची, मी बाबांच्या दुकानात. तिथं बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तो वार्निशचा वास आवडायचा, मोटार उघडल्यावर आतल्या तारांची वेणी दिसायची ती आवडायची. फ्रॉक गुडघ्याला अडकायचा आणि काळा व्हायचा, म्हणून बाबांनी त्यांचा जुना शर्ट बाह्या कापून मला दिला. त्या शर्टात मी जी शिरले ती शिरलेच. गिऱ्हाईक आलं की बाबा म्हणायचे, "हा माझा मोठा पोरगा." लोक हसायचे, मीही हसायचे. ते म्हणताना बाबांच्या आवाजात जे काही असायचं, ते मला दुसरीकडं कुठंच मिळत नव्हतं. मग मी दुकानात 'आलो, गेलो, करतो' असंच बोलायला लागले. घराचा उंबरा ओलांडला की 'आले, गेले, करते'. दोन्ही आपोआप यायचं. गिऱ्हाइकं मला 'छोटे उस्ताद' म्हणायची.

पण मला मुलगा व्हायचं नव्हतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मला शर्ट हवा होता, मोकळे हातपाय हवे होते, आणि कधीकधी धाकटीच्या परकराचा काठ बघून तोही हवासा वाटायचा. पण ते बोलायची सोय राहिली नव्हती. विशी ओलांडली तसा नातेवाइकांनी घोशा लावला. आता तरी मुलीसारखी राहा, केस वाढव, साडीवर एक फोटो काढून ठेव. प्रत्येक बांगडीच्या, प्रत्येक ओढणीच्या मागं स्थळ उभं असायचं. मला लग्न करायचं नव्हतं, त्यामुळं बांगडीही नको म्हणावी लागली. एकीला हो म्हटलं की दुसऱ्याला हो म्हटल्यासारखं झालं असतं. मग धाकटीचं लग्न झालं, ती संसाराला लागली, आणि माझ्यापुढं तो विषय काढणं लोकांनी हळूहळू सोडून दिलं. घरात शांतता झाली. त्या शांततेतच कधीतरी मला असं काहीतरी घालावंसं वाटू लागलं असणार. आता ते कुणाला दाखवायला नव्हतं, त्यामुळं ते माझं होऊ शकत होतं.

पालममध्ये शिवायला टाकलं असतं तर कुरता तयार व्हायच्या आधी बातमी दुकानात पोचली असती. म्हणून सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी तिकडं एक मोटार पोचवायचं काम होतं, ते मी स्वतःकडं घेतलं. तिथं बसस्टँडजवळ एक बाई घरातच शिवणकाम करते, हे मला गिऱ्हाइकाच्या बायकोकडून कळलं होतं. पन्नाशीच्या असतील. माप घेताना त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. "आजकाल बायका घालतात तसा शिवा," एवढंच म्हणाले.

पुढच्या बाजाराला कुरता तयार होता. पडद्याआड जाऊन घातला. कमरेत घट्ट, छातीवर चिमटे, बाही दंडाला चिकटलेली, गळा मागं खोल. आरशात जी दिसली ती चांगली दिसत होती, खरंच. पण मी हात वर केला तर मुंढ्यात शिवण करकरली, आणि खाली वाकले तर पाठ उघडी पडली. मी तशीच उभी राहिले. मला रडू यायला लागलं, आणि ते का येतंय तेही कळेना. एवढी वर्षं लोक जे सांगत होते ते मी आपल्या पायांनी चालत जाऊन करून घेतलं होतं, आणि तरी त्यात मला जागा नव्हती.

बाहेर आले तेव्हा बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पायमशीन थांबवलं.

"आवडला न्हाई?"

"चांगला हाय, काकू. पण ही मी न्हाई."

"मग कोण हाय ते सांग की," त्या म्हणाल्या. रागानं नाही. मापाची पट्टी गळ्यात होतीच, ती हातात घेतली. "काम काय करतीस तू?"

मी सांगितलं. दिवसभर वाकावं लागतं, मोटार उचलावी लागते, फिरत्या यंत्राशी काम आहे म्हणून लोंबतं काही चालत नाही, ओढणी तर नकोच. त्या ऐकत गेल्या.

"आणि आवडतं काय तुला? कामाचं सोडून."

हा प्रश्न मला कपड्यांच्या बाबतीत कुणी केला नव्हता. मग म्हणाले, "शर्टाची कॉलर आवडते. बाही दुमडायला आवडते. अन् खाली घेर असावा, चालताना हलंल इतका."

"कॉलर अन् घेर," त्या म्हणाल्या. "बरं. अजून?"

"खिसे. दोन. एकात मोबाईल, एकात टेस्टर बसला पाहिजे."

त्या पहिल्यांदा हसल्या. "कुरत्याच्या खिशात टेस्टर. बायका मला लेसचं विचारतात." मग तोच कुरता त्यांनी उसवायला घेतला. पाठीला अन् घेराला उरलेलं कापड जोडू, बगलेत कमी पडेल तिथं वेगळ्या रंगाची चौकोनी पट्टी टाकू म्हणाल्या. मी हो म्हणाले. गळ्याला लागणारी कॉलर मात्र त्यांना त्या कापडातून काढता येईना, तेव्हा ती त्यांनी गडद विटकरी रंगाची केली. ती मला सगळ्यात जास्त आवडली.

कुरता घरी आणला, धुतला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. माय बाहेर आली आणि त्याच्यापुढं थांबली.

"कुणाचा हाय?"

"माझा."

तिनं कापडाला हात लावला नाही. "तुला कुणी काही बोललं का?"

"न्हाई."

"बोललं असंल तर सांग. कोण म्हणलं?"

"माय, कुणीच न्हाई. मलाच वाटलं."

तिला ते पटायला वेळ लागला. माझ्या कपड्यांवरून गल्लीतल्या बायकांशी ती किती भांडली होती, हे मला त्या दिवशी कळलं, तेही तुटक तुटक. हिला काही घालायला सांगू नका, हिला जे आवडतं ते घालू द्या, असं ती म्हणत राहिली होती. मला वाटायचं तिला माझ्याकडं बघायला वेळ नाही. ती मात्र माझ्यापुढं कधी एखादी टिकलीसुद्धा ठेवायला भ्यायची, मला बोचेल म्हणून. "तुला आवडत न्हाई असंच धरून चालले मी," ती म्हणाली. मग तिनं कुरता दोरीवर सरळ केला, घेराची एक चुणी बोटानं काढली आणि आत गेली.

खरी परीक्षा दुकानात होती. मी जीन्सवर तो कुरता घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आणि रोजच्यासारखं शटर वर केलं. बाबा रोज जरा उशिरा येतात आणि दारातल्या खुर्चीवर बसतात. आले, बसले, माझ्याकडं बघितलं.

"गावाला जायलीस का कुठं?"

"न्हाई. हितंच हाय."

ते पेपर वाचत बसले. मी एका मोटारीची जळालेली तार उपसत होते. बराच वेळ ते पान उलटत नव्हते, ते मला पाठमोरीलाही कळत होतं. शेवटी म्हणाले, "कपडे खराब होतील."

"धुईन की, बाबा."

मग त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "दुकानाचा कंटाळा आला असंल तर तसं सांग. मी काही म्हणणार न्हाई. एवढी वर्षं केलंस, लय झालं."

हातातली पक्कड तशीच राहिली. मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर चेष्टा करतील. मी निघून जाईन म्हणून ते घाबरले असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो शर्ट आणि हे दुकान एकच होतं. एक उतरला म्हणजे दुसरंही सुटणार.

"बाबा, मला मोटार भरायला आवडतं," मी म्हणाले. "अन् हा कुरताबी आवडतो. एवढंच हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांना सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. मी जुनी तार काढून नवी भरायला घेतली, आणि ते नेहमीसारखे मागून सांगायला लागले, कुठं तार ढिली पडतेय, कुठं तारेखालचा कागद नीट बसला नाही. मला त्यांच्या सांगण्याची गरज उरलेली नव्हती, पण त्या दिवशी मी प्रत्येक गोष्ट त्यांनी सांगितल्यावरच केली.

दुपारी एक नवा शेतकरी मोटार घेऊन आला. आधी तो बाबांपाशी गेला आणि काय बिघडलंय ते सांगायला लागला. बाबांनी नेहमीची सुरुवात केली, "हा माझा..." आणि थांबले. मी मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "दुकान ही चालवती. तिलाच सांगा."

पोरगा नाही, पोरगीही नाही. पण 'ही' म्हणाले. त्या एका अक्षरासाठी त्यांना किती लांबून यावं लागलं, ते मला माहीत होतं.

जुन्या गिऱ्हाइकांनी आठवडाभर चौकशा केल्या. लग्न ठरलं का, कार्यक्रम आहे का. नंतर त्यांनाही सवय झाली. ती मला अजून उस्ताद म्हणतात आणि मला ते आवडतं. त्या शब्दात कामाचा मान आहे आणि तो कुठल्याही कपड्यावर बसतो. पलीकडून कुणी हाक मारली तर माझ्या तोंडून अजूनही कधी 'आलो' निघतं, कधी 'आले'. पूर्वी मी त्यावर नजर ठेवायचे, आता ठेवत नाही. बदलायचं म्हणजे आधीचं टाकून द्यायचं, असं मी धरून चालले होते. तसं काही करावं लागलं नाही. चौकड्यांचे शर्ट अजून कपाटात आहेत आणि बऱ्याच दिवशी तेच अंगावर असतात.

यंदा मावसबहिणीचं लग्न पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळाजवळच्या मंगल कार्यालयात होतं. मी मायची निळी साडी मागितली. झंपर नको म्हणाले आणि माझा पांढरा शर्ट साडीखाली घातला, बाह्या दुमडून. पायात बूट. मायनं निऱ्या काढून दिल्या आणि पदर खोचला. मांडवात काहींनी वळून बघितलं. एक आत्या म्हणाल्या, "हे काय गं नवीन?" मी म्हणाले, "आवडलं का?" त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "शर्टाला कडक इस्त्री मारायला पाहिजे होती." ते बरोबर होतं.

परतताना माय स्कूटीवर माझ्या मागं बसली होती. गावाबाहेर आल्यावर म्हणाली, "कान मोकळे दिसत होते. पुढच्या खेपेला माझे झुमके घाल."

"बघू," मी म्हणाले.

घरी गेल्यावर तिनं ते काढूनच दिले. मी आरशापुढं घालून बघितले, मान इकडंतिकडं हलवली, आणि परत केले.

"जड हायत, माय. बारके असतील तर दे."

तिनं डबा पुन्हा उघडला आणि बारके शोधायला लागली.