उलटा धरलेला अर्ज

मुनशीजी कोणताही अर्ज आधी उलटा धरून पाहत. बुलढाण्याच्या कचेरीच्या ओसरीत सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नसे. म्हणून माझा इंग्रजी अर्ज त्यांनी उलटा धरला तेव्हा मी गालात हसलो. त्यानंतर दिवसभर मला हसू आलं नाही.

जिल्ह्यात कारकुनाची एक जागा भरायची होती आणि कचेरीत अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस. मी पहाटेच मोताळ्याहून निघालो होतो. आमच्या घरातला मी पहिला बी.ए. ही जागा मिळाली तर धाकट्याची शाळा चालू राहणार होती, नाहीतर त्याला शेतात जावं लागणार होतं. अर्ज घरूनच लिहून आणला होता. मुनशीजींपाशी थांबलो तो फक्त टाचणी मागायला.

"तुम्हांला वाचता येत नाही ना हे?" मी बोलून गेलो.

"म्हणूनच तं दिसते," ते म्हणाले. "साहेब बी आधी वाचत नाही, पाह्यते. हा तं बाजाराचा दिवस मांडला तू. पाय ठेवाले जागा नाही."

आणि मी चार दिवस खपून केलेली ती प्रत त्यांनी सरळ उभी दुमडली. डावीकडचा चौथा हिस्सा घडीत गेला, त्यासोबत माझ्या प्रत्येक ओळीचे पहिले शब्द.

"साहेब हुकूम कुठं लिहीन? तुह्या कपाळावर?"

संतापानं माझे कान तापले. त्यांनी पेटीतून घडी पाडलेला कोरा कागद काढून दिला. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी तेही उलटं धरलं. "एक सन इकडं, एक तिकडं. सारे एका रांगेत घे." तिसऱ्या प्रतीत एक मथळा मोठा आणि दुसरा बारीक झाला होता. "काऊन बे बी.ए., हा जमीनदार अन् हा गडी हाय काय?" कचेरी बंद व्हायला तासभर उरला होता. निबंधस्पर्धेच्या बक्षिसाची ओळ पानात मावेना. "काढ ते." "जिल्ह्यात पहिला आलो होतो!" "मंग नोकरी त्या निबंधालेच मागजो."

बक्षीस गेलं. चौथी प्रत घेऊन मी धावत आत शिरलो, तेव्हा चपराशी दार लोटत होता. मुनशीजींना साधं 'येतो' म्हणण्याइतकाही माझा राग उतरला नव्हता.

दीड महिन्यानं नेमणुकीचं पत्र आलं, मेहकर तहसिलीचं. आभार मानायचे असं ठरवून ते घेऊन मी ओसरीत गेलो. त्यांनी ते उलटं धरलं.

"डावीकडं जागा कमी सोडली."

"मुनशीजी, मले नोकरी लागली!"

"हाव, खुशी हाय. पण जागा कमीच हाय."

आभार माझ्या तोंडातच राहिले. पुढच्या खेपेला मानू, असं मनाशी म्हणत मी चिडून निघालो. पुढची खेप दोन वर्षांनी झाली. तेव्हा ओसरीत दुसरी सतरंजी होती. मुनशीजी उन्हाळ्यातच गेले होते.

पुढे कधीतरी बुलढाण्याला बदली झाली आणि जुन्या दप्तरात माझा तो अर्ज सापडला. घडीची रेघ अजून होती. तिच्या डावीकडच्या कोऱ्या पट्टीत साहेबाचा एकच शब्द, पेन्सिलीनं : बोलवा.

मी कागद उलटा धरला. सगळं जागच्या जागी होतं. 'आता जमलं' असं त्या दिवशी त्यांनी एकदाही म्हटलं नाही. आणि मीही त्यांना काही म्हटलं नाही.