आधी तिची तपासणी करा

माझ्या सासूबाईंना सगळं गाव क्लचबाई म्हणतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत आहे कोणात? उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि क्लच, क्लच म्हणून कान किटेपर्यंत ओरडायचं, असं करत निम्म्या गावाला त्यांनी रस्त्यावर आणलं. मीही त्यांच्याच हाताखालची. लग्न ठरायच्या आधीची गोष्ट, चढावर गाडी मागे घसरली म्हणून त्यांनी माझा असा पाणउतारा केला की घरी जाऊन रडले. पण चढावर माझी गाडी पुन्हा कधी घसरली नाही.

शिकवणं थांबवल्यावर त्यांनी स्वतःसाठी गाडी घेतली. शेजारच्याच्या पायाखाली ब्रेक नसलेली ही आपली पहिलीच गाडी, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला तोऱ्यात सांगायच्या. त्या गाडीत कंपनीनेच बसवलेला संच होता. रेडिओ, सीडी आणि छोट्याशा पडद्यावर रस्त्यांचा नकाशा, सगळं एकात. आता गाडीसारखा तोही म्हातारा झालाय. आवाजाचं बटण भलतीकडेच उडी मारतं, एक सीडी केव्हाची घशात अडकून बसलीय, आणि आत वळणं सांगणारी एक बाई आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तिच्याशी भांडतात. "कळलं गं, मला दिसतंय वळण," असं त्यांचं चालू असतं.

माझा नवरा त्यांचा एकुलता एक. माणूस वाईट नाही, पण काळजी करायला लागला की समोरच्याचा जीव गुदमरतो. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांना ऊन सोसेना, तर यानं गाडीच्या सगळ्या काचांना चकचकीत फिल्म लावून आणली. पुढे, मागे, सगळीकडे. आईही खूश झाल्या होत्या. त्यानंतर काही दिवसांनी त्या म्हणायला लागल्या की रेडिओ नुसता खरखरतोय. यानं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आईचे कान गेलेत, एकदा दाखवायला हवं.

मग ती खडीची भानगड झाली. आईंच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे मावशींनी, पलीकडच्या गावाबाहेर नवीन घर घेतलं. आईंनी पत्ता त्या संचात भरला आणि एकट्याच निघाल्या. मोठा रस्ता सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे अनोळखी वळणं लागली, आणि ती बाई डावीकडे म्हणाली की डावीकडे, उजवीकडे म्हणाली की उजवीकडे, असं करत आई एका खडी फोडायच्या कारखान्याच्या फाटकात जाऊन थांबल्या. बाई म्हणाली, तुमचं ठिकाण आलं. आईंनी उतरून वॉचमनला विचारलं, माझी बहीण कुठे राहते? त्या बिचाऱ्यानं तरी काय करावं! त्यानं आईंच्याच फोनवरून माझ्या नवऱ्याला लावला आणि सांगितलं की तुमच्या आई इथे धुरळ्यात बहिणीचं घर शोधतायत, येऊन घेऊन जा.

झालं. त्या दिवसापासून गाडीची किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली. भांडण नाही, आवाज चढवणं नाही, सगळं कसं गोडीगुलाबीनं. "आई, आता आराम कर. कुठे जायचं असेल तर मी आहे ना." वर त्यानं विसरभोळेपणाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली. आईंनी ऐकून घेतलं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, त्या दिवशी गप्प राहिल्या, आणि त्याचीच मला भीती वाटली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तपासणी करायचीय ना? करा. पण रस्ता तिनं चुकवला. आधी तिची तपासणी करा, मग माझी."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी संचाकडे नीट पाहिलंही नाही. एवढ्या जुन्याचे भाग येत नाहीत म्हणाले, काढून नवीन बसवा. नवऱ्याला ते पटलं. नवीन बसवायच्या दिवशी सकाळी आई आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या आणि उतरेनातच. त्यानं समजावलं, मी समजावलं, शेजारीपाजारी खिडक्यांतून डोकवायला लागले. आईंनी पट्टा लावून घेतला. मी खिडकीशी वाकले तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या डोक्यात लख्ख उतरलं. "हा संच काढून फेकला की चूक कोणाची होती हे कधीच कळणार नाही. मग जन्मभर ती माझीच."

मी पदर खोचला आणि नवऱ्याला सांगितलं, नवीन काही बसणार नाही, आधी हा रेडिओवाल्याकडे न्यायचा. तो कुरकुरला. कुरकुरू दे.

रेडिओवाला म्हणजे आईंचाच जुना विद्यार्थी. शटरचं एक खोलीभर दुकान, भिंतीला तारांची भेंडोळी, टेबलावर उघडीवाघडी पडलेली यंत्रं. अजूनही आई दारात दिसल्या की ताठ उभा राहतो. त्यानं संच गाडीतून काढला, टेबलावर ठेवून वीज जोडली, शटरबाहेर टांगलेल्या स्वतःच्या अँटेनांच्या तारा लावल्या, आणि दिवसभर चालू ठेवला. रेडिओ खणखणीत वाजला. नकाशावर बाण बरोबर त्याच्या दुकानावर उभा. संध्याकाळी आम्हाला बोलावून मान खाली घालून म्हणाला की बटण बदलावं लागेल, अडकलेली सीडी काढलीय, बाकी यात दोष काही सापडत नाही.

नवरा मला म्हणाला, "बघितलंस?" तेही किती हळू, किती प्रेमानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईंचा चेहरा मात्र पाहवेना. पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांना स्वतःचीच शंका आलीय. क्षणभर मलाही आली, खोटं कशाला बोलू.

पण ती क्लचबाई. खुर्चीवरून उठल्या आणि रेडिओवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुला मी मैदानात गाडी फिरवता आली म्हणून पास केलं होतं का रे?" तो नाही म्हणाला. "मग कुठे केलं?" चढावर, बाजाराच्या गर्दीत, असं तो शाळेतल्या पोरासारखा पुटपुटला. "मग हिला टेबलावर झोपवून पास कशी करतोस? बसव तिला तिच्या जागेवर. मी चालवते, तू शेजारी बस."

नवऱ्यानं किल्ली द्यायला केवढे आढेवेढे घेतले! रेडिओवालाच मध्ये पडला. बाईंचं खरं आहे, म्हणाला, जिथे बिघडलं तिथेच बघायला हवं. हे मला आधी सुचायला हवं होतं, असंही म्हणाला. शेवटी आई स्टिअरिंगवर, तो शेजारी, आम्ही नवराबायको मागे, अशी वरात दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. संच पुन्हा जागेवर, तारा गाडीच्याच.

रेडिओ लावला तर खरखर. काल खणखणीत वाजत होता तोच! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता. मग रेडिओवाल्यानं दोन बटणं एकदम दाबून धरली आणि पडद्यावर आम्ही कधी न पाहिलेलं पान आलं. आकाशातले किती उपग्रह या संचाला दिसतायत त्याचा तो हिशेब. तिथे शून्य होतं.

"पण बाण तर चालतोय," नवरा म्हणाला.

रेडिओवाल्यानं सांगितलं की तो अंदाजानं चालतोय. आकाश दिसेनासं झालं की हा संच चाकं किती फिरली, गाडी कुठे वळली यावरून आपण कुठे असू ते ठरवतो. डोळे मिटून घरात फिरल्यासारखं. चार पावलं बरोबर पडतात, मग माणूस कपाटावर आपटतो. तो बोलत होता तोवर बाण हळूहळू रस्ता सोडत होता. दूध डेअरीपाशी पोहोचलो तेव्हा आम्ही नकाशावर तळ्यात होतो. ती बाई तळ्यातूनच म्हणाली, पुढे उजवीकडे वळा. उजवीकडे डेअरीची भिंत होती.

आईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि आरशातून मागे लेकाकडे बघितलं.

रेडिओवाला म्हणाला, नकाशाची अँटेना गेली असणार. पुढच्या काचेखाली डॅशबोर्ड उचकटून त्यानं ती वायरसकट बाहेर काढली आणि सवयीनं खिडकीतून बाहेर धरली. पडद्यावरचं शून्य पळालं, आकडे भराभर वाढले, बाण तळ्यातून उडी मारून डेअरीसमोर आला. हात आत घेतला, पुन्हा शून्य. त्यानं स्वतःच्या पिशवीतली अँटेना काढून तसंच करून पाहिलं. बाहेर सगळं, आत शून्य. मग तो बराच वेळ काचेकडेच बघत राहिला आणि नखानं तिचा कोपरा खरवडला.

"ही फिल्म कोणी लावली? हिच्यात धातू आहे. वरून काही आतच येत नाही. रेडिओच्या तारा मागच्या काचेत आहेत, त्याही हिनंच झाकल्यात."

आईच्या डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून नवऱ्यानं हौसेनं लावलेली ती फिल्म. त्यावरून त्यानं तिचे बहिरे कान शोधून काढले होते, आणि तिचं चळलेलं डोकंही. मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली. तो आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं," आई म्हणाल्या. "पण मी तुला वेडा ठरवलं नाही."

त्या रविवारी त्यानं गरम पाणी घेऊन ती फिल्म नखांनी सोलून काढली. आई ओट्यावर बसून कुठे राहिलीय ते दाखवत होत्या. मागची काच मोकळी झाली तसा रेडिओवर निवेदकाचा आवाज आला आणि आईंनी मुद्दाम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा केला.

डॉक्टरांची वेळ रद्द करायला नवऱ्यानं फोन उचलला तेव्हा आईंनीच तो ठेवायला लावला. त्यांनी शब्द दिला होता, आधी तिची, मग माझी. डॉक्टर काय म्हणाले ते आताच सांगून टाकते. वयाच्या मानानं ठीक आहे, पुढच्या वर्षी पुन्हा या. मला सांगायचंय ते जातानाचं.

गाडी आईंनीच चालवली. नवरा शेजारी, मी मागे. तो अस्वस्थ होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलंच, "आणि डॉक्टरांनी खरंच काही सांगितलं तर?"

"सांगितलं तर ऐकेन. ते माझं दुखणं असेल, तुझ्या काचेचं नाही. आणि किल्ली ठेवायची वेळ आली तर मी स्वतः आणून तुझ्या हातात देईन. तू खिशात घालायची नाही."

त्यानं मान हलवली. पुढे बाजाराची गर्दी लागली, एक हातगाडी आडवी आली. आईंनी वेग केव्हाच कमी केला होता, पण नवऱ्याचा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेलेला मी मागून पाहिला. आईंनीही पाहिला. नजर रस्त्यावरून न काढता त्या म्हणाल्या,

"पाय आवर. त्या बाजूला ब्रेक नाहीये."