उलट्या विमानाची रिबन

तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल अजून यायची होती. सोनिवलीच्या मैदानावर एक गृहस्थ रविवारी विमान उडवायचे. जुन्या काळच्या दुमजली पंखांच्या विमानाची माणसाएवढी प्रतिकृती, आणि पोटात उल्हासनगरच्या भंगारात मिळालेलं, झाडं कापायच्या करवतीचं पेट्रोल इंजिन. रिमोटवर बोटं हलायची आणि विमान झुकेल तिकडे त्यांची मानही झुकायची.

एकदा ते गृहस्थ विमान उलटं उडवून दोन बांबूंमध्ये ताणलेली रिबन कापणार होते. एक बांबू त्यांच्या बायकोने धरला. "दुसरा कोण धरतंय?" त्यांनी विचारलं. नातवंडांसमोर मिरवायला मीच उठले.

विमान उलटं होऊन घोंघावत आलं, तशी मी बांबूसकट खाली बसले. रिबन गुडघ्याएवढी खाली आली आणि विमान वरून निघून गेलं.

"अहो मावशी, उठा ना! पेट्रोल संपत आलंय!" बायको ओरडली.

"उठू नका, बसा आरामात," ते म्हणाले. "मीच खाली येतो."

"गवताला टेकलं तर चुरा होईल हो! चार वर्षं खपलात त्याच्यासाठी!"

त्यांनी मान पार वाकडी केली. मी डोळे गच्च मिटले. कानाशी घरघर झाली आणि टाळ्यांचा कडकडाट.

डोळे उघडले तर माझ्या बांबूला अर्धी रिबन फडफडत होती आणि ते मान चोळत हसत होते. सगळ्या मैदानाने ती कसरत पाहिली. सर्वांत जवळ बसलेली मी सोडून.